एक ‘पण’ आणि अकरा सेकंद

तापीच्या काठावरील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. ही यात्रा दूरवर ओळखली जाते ती घोड्यांच्या बाजारामुळे. मला मात्र माझ्या बालपणीच्या यात्रेतले घोडे फारसे आठवत नाहीत. आठवतो तो चित्रपटाचा तंबू. तंबूच्या मधोमध कनात लावलेली असे. तिच्या एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका व मुले बसत. मागे जनरेटर धडधडत असे, जमिनीतून थंडी वर चढत असे आणि रीळ बदलण्यासाठी खेळ थांबला की बाहेरच्या पाळण्यांचा आवाज आत शिरत असे.

चित्रपट बहुधा हिंदी असे आणि आमच्या बाजूला बसलेल्या बहुतेक बायकांना हिंदी समजत नसे. माझ्या आईला ते समजे, कारण तिचा भाऊ सुरतेला गिरणीत कामाला होता आणि लग्नापूर्वी ती वर्षभर त्याच्याकडे राहिली होती. त्यामुळे पडद्यासमोर बसल्यावर आईकडे आपोआपच एक काम येई. ती पडद्यावरचे एक वाक्य ऐके आणि अहिराणीत त्याची तीन वाक्ये करी. नवे पात्र आले, की ‘हाऊ खोटा शे’ असा निकाल ती आधीच देऊन टाकी. मग शेजारच्या बायका तिच्याशी वाद घालत. कोणी म्हणे, सासूचे बरोबर आहे. कोणी म्हणे, त्या पोरीने तेव्हाच माहेरी निघून जायला हवे होते. कनातीपलीकडून पुरुष ‘गप्प बसा’ म्हणून ओरडत. तेवढ्यापुरता आवाज खाली येई आणि पुन्हा वर चढे. पुढे दुसरीकडे कुठे तोच चित्रपट मी शांतपणे पाहिला, की मला तो अपुरा वाटे. त्यात आईचा आवाज नसे.

मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगणारे निवेदक असत. त्यांना ‘बेन्शी’ म्हणत आणि प्रेक्षक नटांइतकेच त्यांच्यासाठीही येत, असे मी पुढे वाचले. ते वाचताना मला सारंगखेड्याचा तंबू आठवला. चित्रपट पाहणे आणि चित्रपटाविषयी बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला लहानपणी कधी वाटलेच नव्हते.

त्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या त्या शिक्षणाने. मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. तेव्हा आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. रविवारच्या संपर्कसत्रांना एसटीने जायचे, पुस्तके घेऊन परत यायचे आणि उरलेला आठवडा रात्री एकटीने वाचायचे, असे ते दिवस होते. त्या वाचनातून मला चित्रपटाचे एक निराळे जग कळले. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली होती. १९५९ मध्ये अशा संस्थांचा देशव्यापी महासंघ झाला. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होते आणि तेथे चित्रपट-रसग्रहणाचे वर्ग चालत. लोक एकत्र बसून चित्रपट पाहत आणि नंतर तासन्‌तास त्यावर चर्चा करत. अरुण खोपकरांनी तर एका गुरुदत्तवर ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे अख्खे पुस्तक लिहिले होते. हे सारे मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका खेड्यात, परीक्षेच्या तयारीच्या निमित्ताने वाचत होते. ते जग मला हवेसे वाटले; पण ते मुंबई-पुण्याचे होते. आम्हाला मुंबईला जायचे तर ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आधी गुजरातेत सुरतेला जावे लागते. चर्चेला जाणे दूरच राहिले.

आणखी एक गोष्ट त्या काळात घडली, ती मी येथे नोंदवून ठेवते. आई दूरदर्शनवर चित्रपट पाहताना पूर्वीसारखीच अहिराणीतून बोलू लागली, की मी तिला थांबवू लागले. ‘आई, ऐकू दे ना,’ असे मी म्हणे. पाहुणे असले तर मला तिच्या बोलीचा संकोचही वाटे. काही दिवसांनी ती बोलायची थांबली. तिच्या शांत बसण्याचा अर्थ मी असा लावला, की आता तिला चित्रपट नीट पाहण्याची सवय लागली आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहेही बंद झाली. त्या काळात आमची चौघांची गाठ पडली ती फोनवर. आमच्यातले भाऊ नंदुरबारला औषधांचे दुकान चालवतात. गणेश मतकरी यांचा ‘आपला सिनेमास्कोप’ हा ब्लॉग वाचून त्यांना स्वतःही लिहावेसे वाटले आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या ते गेली दहा-बारा वर्षे चित्रपटांविषयी लिहीत आहेत. दुसरे नाना, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले, राहणार नवापूर. रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेपासूनची हिंदी गाणी त्यांना संगीतकार आणि गीतकार यांच्या नावांसह पाठ आहेत. तिसरे सर, धडगावकडच्या एका आश्रमशाळेत शिकवतात. ते पावरा समाजातले, घरची भाषा पावरी. त्यांनी मराठीत एम.ए. केले आहे आणि चित्रपटांवर ते मोजके, पण फार बारकाईने लिहितात. चौथी मी. आम्ही चौघेही एकमेकांचे लिहिलेले वाचत होतो. एकमेकांचे आवाज मात्र टाळेबंदीतच ऐकले.

आठवड्यातून एकदा आम्ही चौघे फोनवर एकत्र येऊ लागलो. एक चित्रपट ठरवायचा, आपापल्या घरी पाहायचा आणि रविवारी रात्री त्यावर बोलायचे. सरांच्या गावात रेंज नसे. ते मोटारसायकलने एका टेकडीवर जाऊन बसत आणि वाऱ्याचा आवाज त्यांच्याबरोबर आमच्या घरात येई. पुढे भाऊ म्हणाले, ‘हे बोलणं ध्वनिमुद्रित करू. ज्याला ऐकायचं तो ऐकेल.’ अशा रीतीने आमचा पॉडकास्ट सुरू झाला. हा शब्द तसा अलीकडचा. २००४ मध्ये ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ हे दोन शब्द जोडून तो घडवला गेला. शब्द नवा असला तरी माझ्या दृष्टीने तो सारंगखेड्याचा तंबूच होता. फरक एवढाच, की पडदा प्रत्येकाच्या घरी होता आणि एकत्र होते ते फक्त बोलणे.

आमचे श्रोते दोनशेही नसतील. परंतु त्यांत नाशिकला नर्सिंग करणारी एक मुलगी होती, अंकलेश्वरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा शहाद्याचा एक तरुण होता. ते निरोप पाठवत. एकट्याने ऐकणाऱ्या माणसाला चौघांच्या बोलण्यात बसल्यासारखे वाटते, हे त्यांच्या निरोपांवरून कळे. रात्री एकटीने अभ्यास केलेल्या मला ते आणखी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ध्वनिमुद्रण झाल्यानंतर ते कापून, जुळवून, स्वच्छ करण्याचे काम माझ्याकडे आले. भाच्याने लॅपटॉपवर एक मोफत सॉफ्टवेअर घालून दिले होते, ते मी हळूहळू शिकले. या कामाची मला गोडी लागली. आवाज पडद्यावर रेघेसारखा दिसतो. जेथे बोलणे असते तेथे रेघ फुगते, जेथे शांतता असते तेथे ती बारीक होते. पार्श्वभूमीचा गोंगाट काढायचा असेल, तर कोणीही बोलत नसतानाचे दोन-तीन सेकंद निवडून सॉफ्टवेअरला दाखवायचे. तेवढ्यावरून खोलीचा गोंगाट कसा आहे ते त्याला समजते आणि मग तो सगळ्या ध्वनिमुद्रणातून वजा होतो. आणखी एक सोय आहे. ठरावीक काळापेक्षा लांब असलेली प्रत्येक शांतता ते सॉफ्टवेअर आपोआप आखूड करते. माणसे बोलताना किती थांबतात, अडखळतात, श्वास घेतात! एक कळ दाबली की तासाभराच्या बोलण्यातले हे सगळे सरते आणि बोलणे चटपटीत होते. लोक म्हणत, ‘ताई, तुमचा कार्यक्रम रेडिओसारखा वाटतो.’ मला त्याचा अभिमान वाटे.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही चौघे प्रथमच प्रत्यक्ष एकत्र बसलो. भाऊंच्या दुकानाच्या वरच्या खोलीत खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमू नये. नंदुरबारला त्या दिवसांत मिरचीचा हंगाम असतो. शहराबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि वारा फिरला की गावभर ठसका लागतो. गोधड्यांतूनही तो तिखट वास आत येत होता आणि नाना मधूनमधून खोकत होते.

चित्रपट होता ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ साली काढलेला हा चित्रपट मराठी रसिकांचा लाडका आहे. ठाकर आदिवासींच्या वस्तीतला नाग्या, त्याच्यावर जीव लावणारी चिंधी, लिंगोबाच्या डोंगरावरची मधमाश्यांची पोळी आणि त्या माश्यांशी नाग्याने मांडलेले वैर अशी ती कथा. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांचा अभिनय, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. नाना गाण्यांवर बोलू लागले आणि खुलले. मी चिंधीविषयी बोलले. नवऱ्याला सोडून आपल्या मनाने आपला माणूस निवडणारी अशी स्त्री तेव्हाच्या मराठी पडद्यावर किती दुर्मीळ होती, हे सांगितले. मग भाऊंनी सरांकडे वळून अगदी आपुलकीने विचारले, ‘सर, तुमच्या लोकांनाही हा चित्रपट आपला वाटत असेल, नाही का?’

सर थांबले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘गाणी चांगली आहेत. पण...’ त्याच क्षणी नानांना गाण्याचा धागा सापडला. ‘चांगली? अहो सर, तसली गाणी परत झाली नाहीत!’ असे म्हणून ते जे सुरू झाले, ते दहा मिनिटे थांबले नाहीत. आम्ही हसलो. बोलणे पुढे गेले.

दोन दिवसांनी मी ते ध्वनिमुद्रण कापायला बसले. शांतता आखूड करण्याची कळ नेहमीप्रमाणे दाबली. मग बारीकसारीक दुरुस्त्या करताना सरांचा ‘पण’ समोर आला. त्याच्यावर नानांचा आवाज चढलेला होता. अर्धा शब्द ऐकू येत होता, अर्धा नाही. कानाला ते खटकत होते. मी तो काढून टाकला. आता ध्वनिमुद्रणात असे ऐकू येऊ लागले : भाऊ विचारतात, ‘सर, तुमच्या लोकांनाही हा चित्रपट आपला वाटत असेल, नाही का?’ आणि सर लगेच, प्रसन्नपणे उत्तर देतात, ‘गाणी चांगली आहेत.’

तो भाग पुष्कळांना आवडला. त्यानंतरच्या रविवारी सर आले नाहीत. शाळेत काम आहे, असा त्यांचा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत. मी फोन केला तेव्हा ते नेहमीच्याच सौम्य आवाजात बोलले. फोन ठेवण्यापूर्वी म्हणाले, ‘मॅडम, एक विचारू? मी तेव्हा गप्प बसलो होतो. ते तुम्ही काढून टाकलंत का?’

मला प्रश्न नीट समजला नाही. मी म्हटले, ‘सर, सगळ्यांच्याच मधल्या जागा काढते मी. ऐकायला बरं वाटतं.’ ते ‘बरं’ म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्या रात्री मी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा उघडले आणि ती जागा शोधली. भाऊंचा प्रश्न संपतो. त्यानंतर रेघ बारीक होते. पंख्याची घरघर, खाली रस्त्यावरून गेलेला एक ट्रॅक्टर, नानांचा दबलेला खोकला, कोणाच्या तरी कपाचा बशीवर टेकल्याचा आवाज. मी मोजले, ते अकरा सेकंद होते. समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारल्यावर तो अकरा सेकंद बोलत नाही, याचा अर्थ समजायला चित्रपट-रसग्रहणाचा अभ्यास लागत नाही. आम्ही तिघेही तेव्हा खोलीत होतो. आमच्या कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते आणि जे एका यंत्राने तरी नोंदवून ठेवले होते, ते मी पुसून टाकले होते. एवढेच नव्हे; न दिलेला होकार मी त्यांच्या तोंडी घातला होता. त्यांचा एकही शब्द मी बदलला नव्हता, एक ‘पण’ तेवढा वगळला होता. तरीही ते वाक्य आता त्यांचे उरले नव्हते.

जानेवारीत एका शनिवारी मी धडगावला गेले. तळोद्याहून एसटी चांदसैलीचा घाट चढू लागली, की सपाटीवरचा ऊस आणि केळी मागे पडतात आणि सातपुड्याच्या उतारावरची विरळ, एकमेकींपासून दूर असलेली घरे दिसू लागतात. वाटेत बसमध्ये भोवती जे बोलणे चालले होते त्यातले मला फारसे काही कळत नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी अशा कितीतरी समाजांच्या बोली येथे बोलल्या जातात. मी या जिल्ह्यात जन्मले, येथेच तीस वर्षे शिकवले आणि बसमधल्या शेजारणीशी मला मराठीखेरीज बोलता येत नव्हते.

सर स्टँडवर घ्यायला आले होते. घरी त्यांच्या पत्नीने ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. जेवण झाल्यावर मी विषय काढला आणि क्षमा मागितली. ते थोडे संकोचले. म्हणाले, ‘मला राग आला नव्हता, मॅडम. मी तो भाग आमच्या शाळेतल्या मोठ्या मुलांना ऐकवला. एक पोरगा म्हणाला, सर, तुम्ही तर लगेच हो म्हणालात. तेव्हा मला वाईट वाटलं.’

मग काही वेळाने ते आपणहून बोलू लागले. ‘आमच्याकडं पहिलीला मूल येतं तेव्हा दोन-दोन महिने बोलत नाही. त्याला बोलता येतं. घरी तर ते ऐकत नाही इतकं बोलतं. पण शाळेची भाषा त्याची नसते. ते आधी आमचं ऐकतं, मनात जुळवतं, मग कधीतरी एक शब्द काढतं. आपण काय करतो? अहवालात लिहितो, मुलाला येत नाही. त्या दिवशी भाऊंनी विचारलं, तेव्हा माझंही तसंच झालं. उत्तर मनात पावरीत आलं. ते मराठीत आणताना ज्याला दुखायचं त्याला दुखू नये, असंही वाटत होतं. तेवढा वेळ लागला.’

मी काही बोलले नाही. माझ्या वर्गात दरवर्षी भिल्ल मजुरांची पाच-सात मुले असत. उसाची तोड सुरू झाली की ती जात आणि मार्चमध्ये परत येत. त्यांना प्रश्न विचारून मी किती सेकंद थांबत असे? तीन? चार? मग ‘बस खाली’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळत असे. लॅपटॉपवरची ती कळ मी वर्गात पुष्कळ आधीपासून वापरत आले होते.

निघताना मी विचारले, ‘सर, त्या ‘पण’च्या पुढं काय होतं?’ ते हसले. ‘ते चौघं बसलो की सांगेन. एकट्या तुम्हाला सांगितलं तर पुन्हा तुम्हीच कापाल.’

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा भाऊंच्या वरच्या खोलीत बसलो. भाऊंना आणि नानांना मी सगळे सांगितले होते. नाना अस्वस्थ होते. ‘मीच मधे तोंड घातलं,’ असे दोनदा म्हणाले. सरांनी त्या दिवशी आपले म्हणणे आधी पावरीत सांगितले आणि मग मराठीत. पावरीचे ते दोन-अडीच मिनिटांचे बोलणे आम्हा तिघांना कळले नाही. परंतु आम्ही ते संपेपर्यंत ऐकले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : ‘जैत रे जैत’ त्यांना आवडतो आणि आवडतो म्हणूनच त्याच्याशी त्यांचे भांडण आहे. डोंगर, मोहाची झाडे, ढोल, देव यांतले पुष्कळ त्यांना ओळखीचे वाटते. पण त्या वस्तीतली माणसे सुखात गातात, दुःखात गातात आणि प्रमाण मराठीच्या जवळची गोड बोली बोलतात. माणूस गात नसतो तेव्हा काय करतो, सावकाराकडे काय बोलतो, वनखात्याच्या माणसासमोर कसा गप्प राहतो, हे मात्र फारसे दिसत नाही. ‘तुमच्या लोकांना आपला वाटतो का, असं भाऊंनी विचारलं. मला म्हणायचं होतं, की तो आमच्याविषयी आहे, आमच्याकडून नाही. एवढा फरक आहे.’

यावर नानांनी जोरदार प्रतिवाद केला. चित्रपट सगळ्यांना कळायचा तर कोठेतरी तडजोड करावी लागते. महानोर स्वतः पळसखेड्याचे शेतकरी, त्यांच्या शब्दांना मातीचा वास आहे. गाणे हा मराठी मनाचा धर्मच आहे, असे ते म्हणाले. सरांनी यातले बरेच मान्य केले, काही केले नाही. भाऊंनी विचारले, ‘मग आमच्याकडून म्हणावा असा चित्रपट कोणता?’ आणि बोलणे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’वर आले. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द. त्याचा अर्थ डुक्कर. बहुतेक मराठी प्रेक्षक नावाचा अर्थ न कळताच चित्रपटगृहात शिरले होते. सर म्हणाले, ‘आम्ही रोज तसेच शाळेत शिरतो. एकदा तुम्हीही शिरलात.’ मग आम्ही त्यातल्या त्या प्रसंगावर पुष्कळ बोललो : डुक्कर पकडायला धावणारे जब्याचे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. त्या स्तब्धतेत कोणी एक शब्द बोलत नाही आणि तरी सगळे सांगून होते. दिग्दर्शकाला ती स्तब्धता कापावीशी वाटली नाही, हे मी स्वतःशी म्हटले.

आम्ही दोन्ही भाग पुन्हा प्रसारित केले. पहिल्यात अकरा सेकंद आणि ‘पण’ जसेच्या तसे ठेवले आणि सुरुवातीला मी माझ्या आवाजात झालेली चूक सांगितली. दुसऱ्यात पावरी बोलणेही पूर्ण ठेवले. अंकलेश्वरच्या तरुणाचा निरोप आला, की पहिल्यांदा ऐकताना त्याला वाटले फोनच बंद पडला. आणखी एक निरोप अनोळखी मुलीचा होता. आपली भाषा अशा कार्यक्रमात प्रथमच ऐकली, एवढेच तिने लिहिले होते. काही श्रोते कमीही झाले. कार्यक्रम पूर्वीइतका चटपटीत राहिला नाही, असे एकाने स्पष्ट कळवले आणि ते खरेच आहे. खोकला आणि ट्रॅक्टर मी अजूनही काढते. माणसाचे थांबणे मात्र ऐकून, विचार करून मगच त्याला हात लावते. त्यामुळे कामाला दुप्पट वेळ लागतो.

वर्गातही मी मनात अकरापर्यंत मोजायला शिकले. ते फार अवघड आहे. चाळीस मुलांच्या वर्गात अकरा सेकंद हा खूप मोठा काळ असतो आणि पुष्कळदा त्यानंतरही काहीच येत नाही. कधी मात्र एखादा शब्द येतो.

आईचे वय आता पंच्याऐंशी. डोळ्यांना कमी दिसते. चित्रपट पाहणे सुटले आहे. दुपारी मी तिला आमचे भाग लावून देते. तिने ‘जैत रे जैत’चा भाग पूर्वी एकदा ऐकला होता, तेव्हा ती काही म्हणाली नव्हती. नवा भाग लावला तेव्हा मी शेजारी गहू निवडत बसले होते. भाऊंचा प्रश्न झाला, शांतता सुरू झाली आणि आईने मान वर केली.

‘हाऊ मानूस मधमाच गप का व्हई गया?’ तिने विचारले.

मी लॅपटॉप थांबवला आणि तिला सगळे सांगितले. सर कोण, धडगाव कुठे, भाऊंनी काय विचारले, मी काय कापले. तिने ऐकून घेतले. मग ती आपले मत सांगू लागली आणि बऱ्याच वर्षांनी अहिराणीत खूप वेळ बोलली. मी तिला थांबवले नाही.